कंपनीशी संबंध असलेला डॉक्टर औषधांच्या समितीवर चालतो का?

प्रश्न: विट्यात माझं मेडिकल स्टोअर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ एकत्रित औषधांवर (एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेल्या) बंदी घातली तेव्हा माझ्याकडे बराच माल अडकला, अजून थोडा पडून आहे. दुकानात येणारे एमआर, म्हणजे कंपन्यांचे प्रतिनिधी, सांगतात, बंदी घालणाऱ्या समितीतले डॉक्टर दुसऱ्या कंपन्यांचे होते. पेपरात तर कायम येतं की औषधांना मंजुरी देणारे तज्ज्ञ कंपन्यांकडून पैसे घेतात. ज्याने कुठल्याच कंपनीचा चहासुद्धा घेतलेला नाही असेच तज्ज्ञ समितीवर का घेत नाहीत? एवढी साधी गोष्ट सरकारला जमत का नाही?

उत्तर:

आधी अडकलेल्या मालाचं सांगून टाकतो. अधिसूचना राजपत्रात आली की विक्री बंद. साठा वेगळा काढा, त्यावर "विक्रीसाठी नाही" अशी चिठ्ठी लावा, बॅच नंबर लिहून ठेवा आणि स्टॉकिस्टकडे परत पाठवून क्रेडिट नोट घ्या. इतके दिवस पडून असेल तर आजच करा. "चार पत्ते राहिलेत, ओळखीच्या गिऱ्हाईकाला देऊन टाकू" हा विचार मनात आणू नका.

एमआरचं म्हणणं मात्र फार मनावर घेऊ नका. या एकत्रित औषधांचा वाद जुना आहे. मार्च २०१६ मध्ये ३४४ औषधांवर बंदी आली, ती फार्मसीचे प्राध्यापक चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीच्या अहवालावरून. कंपन्या कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये प्रकरण औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे पाठवलं. मंडळाने डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधं पुन्हा बंद झाली. दोन वेगळ्या अध्यक्षांच्या समित्यांनी तीच औषधं तपासली आणि निष्कर्ष बराचसा तोच निघाला. ज्याचा ब्रँड गेला त्याला समितीत काळंबेरं दिसणारच.

आता मूळ प्रश्न. कंपनीचा चहाही न घेतलेला तज्ज्ञ शोधायला लांब जायला नको, इथे मिरजेत मीच आहे. उभी नोकरी मेडिकल कॉलेजात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवण्यात गेली, आता चाचण्यांतल्या रुग्णांचं हित बघणाऱ्या एथिक्स कमिट्यांवर बसतो. यात माझा मोठेपणा फारसा नाही. फार्माकॉलॉजीचा मास्तर ओपीडी करत नाही, प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही, मग त्याच्या दारात एमआर कशाला उभा राहील? कंपनीला ज्याचा उपयोग नाही त्याच्या वाटेला ती जात नाही, आणि त्याचा सदरा आपोआप पांढरा राहतो.

अशा पांढऱ्या सदऱ्यांचीच समिती केली तर काय होईल ते बघा. माझ्यापुढे चाचणीचा आराखडा ठेवलात तर रुग्णांची संख्या पुरेशी आहे का, तुलनेला घेतलेल्या जुन्या औषधाचा डोस मुद्दाम कमी ठेवलाय का, निकाल म्हणून रक्तातला आकडा मोजलाय की माणूस किती जगला हे मोजलंय, एवढं मी बघतो आणि चोख बघतो. पण एका कमिटीत तोंडाने घ्यायच्या कॅन्सरच्या गोळीचा प्रस्ताव आला होता. त्या गोळीने हातापायाची कातडी लाल होते, सोलते, भेगा पडतात. कागदावर हा दुष्परिणाम "सौम्य ते मध्यम" असा लिहिलेला होता आणि आम्ही बहुतेक जण पान उलटून पुढे गेलो होतो. खोलीत एक कॅन्सरतज्ज्ञ होते. ते म्हणाले, "हे सौम्य ऑफिसात बसणाऱ्याला. माझा पेशंट ऊस तोडतो. त्याला कोयता धरता येत नाही, चिखलात पाय ठेवता येत नाही. तो तिसऱ्या आठवड्याला गोळी बंद करतो आणि आपल्याला सांगत नाही." शिवाय आराखड्यात दर आठवड्याला रक्त तपासायचं होतं. जतच्या पलीकडच्या माणसाने त्यासाठी दर आठवड्याला मिरजेला यायचं म्हणजे त्याचा आणि सोबतच्याचा रोज बुडाला, वर एसटीचं भाडं. त्यांनी सांगितल्यावर प्रवासखर्चाचं कलम घातलं, डोस कमी करायचे नियम बदलले, आणि हातापायाच्या त्रासाबद्दल रुग्णाला मराठीत काय सांगायचं ते नव्याने लिहिलं.

या डॉक्टरांनी त्याच कंपनीसाठी आधी व्याख्यानं दिली होती आणि मानधन घेतलं होतं. त्यांना गोळीबद्दल इतकं ठाऊक होतं कारण त्यांनी तिच्या आधीच्या चाचणीत काम केलं होतं. ज्ञान ज्या दाराने आलं त्याच दाराने लागेबांधे आले. कॅन्सर, हिमोफिलिया, लहान मुलांचे दुर्मीळ आजार, अशा क्षेत्रांत अख्ख्या देशात मोजके लोक असतात, आणि नव्या औषधाची चाचणी करायची तर कंपनी त्यांच्याकडेच जाते. त्यांना सरसकट वगळलंत तर खोलीत उरतो आम्ही, पानं उलटणारे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला कधी उभे राहिला असाल तर पाहिलं असेल. हळकुंड मोडून आतला रंग बघून भाव सांगणारी माणसं सगळी धंद्यातलीच असतात. ज्याचा हळदीशी काही संबंध नाही त्याला पारख कुठून येणार? म्हणून बाजाराने त्यांना हाकलून दिलेलं नाही. बोली सगळ्यांदेखत होते, वजन दुसऱ्याच्या हातात असतं, हिशोबपट्टी लेखी मिळते. तरीही गडबडी होतात, पण कुठे झाली ते निदान शोधता येतं.

मात्र हे ऐकून "मग चालायचंच" म्हणाल तर तेही धोक्याचं. २००५ चं एक मतदान मी दरवर्षी वर्गात फळ्यावर मांडायचो, ते इथे मांडतो. रोफेकॉक्सिब नावाची सांधेदुखीची गोळी, ब्रँड वायॉक्स, कंपनी मर्क. दीर्घकाळ घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने ती जगभरातून मागे घेतली. फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, ३२ तज्ज्ञांना बसवून विचारलं की या जातीच्या गोळ्या बाजारात असाव्यात की नाही. सेलेकॉक्सिबला ३१ विरुद्ध १ असा होकार मिळाला. व्हॅल्डेकॉक्सिब, म्हणजे बेक्स्ट्रा, १७ विरुद्ध १३ मतांनी वाचली, दोघे तटस्थ राहिले. मागे घेतलेल्या वायॉक्सलाही १७ विरुद्ध १५ ने परत यायला हरकत नाही असं ठरलं.

काही दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की ३२ पैकी १० जणांनी अलीकडच्या काळात या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांचे सल्लागार म्हणून काम केलं होतं. या दहांची मतं दोन्ही वादग्रस्त गोळ्यांच्या बाजूने ९ विरुद्ध १ अशी पडली होती. ती दहा मतं बाजूला काढा. बेक्स्ट्राला होकार ८ आणि नकार १२. वायॉक्सला होकार ८, नकार १४. दोन्ही निकाल उलटे फिरतात.

मुलं लगेच म्हणायची, "सर, विकले गेले." मला तसं वाटत नाही. त्या दहांपैकी बहुतेकांनी सांगितलं की संबंधांचा मतावर परिणाम झाला नाही, आणि ते खोटं बोलत होते असं मानायला मला कारण दिसत नाही. सांधेदुखीच्या रुग्णाला रोज बघणारा डॉक्टर गोळी वाचवायला बघेल, कारण त्या गोळीवर चालता येऊ लागलेली माणसं त्याच्या डोळ्यांसमोर असतात. हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण त्याच्याकडे येतच नाही, तो हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो. मग त्या ९ मतांत अनुभव किती आणि मानधन किती? बाहेरून सांगता येत नाही, आणि माझं मत असं की त्या डॉक्टरलाही आतून सांगता येत नाही. म्हणून त्याच्या प्रामाणिकपणावर चर्चा करण्यात अर्थ नाही. मत कुणी द्यायचं आणि माहिती कुणी द्यायची, हे आधीच वेगळं केलं पाहिजे. बेक्स्ट्रा पुढे एप्रिल २००५ मध्ये एफडीएच्याच सांगण्यावरून मागे घ्यावी लागली. आपल्याकडे रोफेकॉक्सिब २००४ मध्ये आणि व्हॅल्डेकॉक्सिब २००५ मध्ये बंद झाली, जुन्या केमिस्टांना आठवत असेल.

याच्या उलटंही घडतं. जून २०१३ मध्ये आपल्या सरकारने मधुमेहाची पायोग्लिटाझोन ही गोळी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शक्यतेवरून अचानक थांबवली. देशभरचे मधुमेहतज्ज्ञ उठले. त्यांतले अनेक जण मधुमेहाच्या औषधकंपन्यांच्या परिषदांतून बोलणारे असणार, हे मला सांगायला नको. पण त्यांचं म्हणणं बिनतोड होतं: स्वस्त गोळी आहे, कित्येकांची साखर तिच्यावर टिकून आहे, धोका असेल तर तसा इशारा छापा आणि कुणाला द्यायची नाही ते ठरवा. जुलैअखेरीस बंदी उठली आणि पाकिटावर इशारा आला. कंपनीशी संबंध आहे एवढ्यावरून माणसाचं म्हणणं खोटं ठरत नाही.

आता आपल्या घरचं. मे २०१२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या कारभारावर ५९ वा अहवाल मांडला. जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात तीसहून अधिक नव्या औषधांना भारतीय रुग्णांवर चाचणी न होताच परवानगी मिळाली होती. त्याहून मला झोंबलं ते तज्ज्ञांच्या पत्रांचं प्रकरण. वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी दिलेली शिफारसपत्रं शब्दन् शब्द सारखी निघाली. समितीने स्पष्ट लिहिलं की ही पत्रं कंपन्यांच्या अदृश्य हातांनी लिहिलेली दिसतात आणि तज्ज्ञांनी फक्त सही करून उपकार केलेत. कंपन्या, काही अधिकारी आणि काही तज्ज्ञ यांचं साटंलोटं असल्याचंही समितीने म्हटलं.

पद्धत नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. तेव्हा तज्ज्ञांची मतं बहुतेक वेळा घरबसल्या, पत्राने मागवली जात. कुणाला विचारायचं हे कुणी ठरवलं, त्याला कोणती कागदपत्रं दिली, त्याने काय वाचलं, काहीच समोर येत नसे. तज्ज्ञ एकटा, फाईल बंद, आणि मदतीला कंपनीचा तत्पर माणूस. एका खोलीत आठ जण बसले असते तर दोघांनी एकच मसुदा वाचून दाखवायला धजावलं नसतं. पुढे विषयवार तज्ज्ञ समित्या नीट बसू लागल्या, त्यांच्या शिफारशी संकेतस्थळावर येऊ लागल्या. २०१३ मध्ये डॉ. रणजित रॉय चौधरी यांच्या समितीने सुचवलं की तज्ज्ञांची मोठी यादी करावी आणि त्यातून यदृच्छेने माणसं निवडावीत. मला ही सूचना फार मोलाची वाटते, कारण कुणाची निवड होणार हेच ठाऊक नसेल तर आधीपासून कुणाला धरून ठेवायचं हा कंपनीपुढे प्रश्न पडतो.

संसदीय समितीच्या त्या अहवालात लेट्रोझोलचाही उल्लेख आहे. स्तनाच्या कर्करोगाची ही गोळी आपल्याकडे वंध्यत्वासाठी मंजूर झाली, तिच्यावर टीका झाली, २०११ मध्ये त्या वापराला बंदी आली. २०१७ मध्ये ती बंदी उठली, आणि आज पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्या बाईच्या वंध्यत्वावर तीच गोळी पहिली पसंती म्हणून जगभर दिली जाते. औषध चांगलं निघालं म्हणून मंजुरीची वाट बरोबर होती असं होत नाही. नाणं उडवून बरोबर उत्तर दिलेल्या विद्यार्थ्याला मी मार्क दिले नसते.

तुम्ही विचाराल, संबंध जाहीर करायचा फॉर्म असतो ना? असतो. आणि सरकारी कागदांत मुरलेल्या माणसाला तो कसा भरला जातो हे सांगायला नको. बैठक सुरू होते, हजेरीपत्रक फिरतं, त्याच्याखाली टाचलेला एक कागद फिरतो, त्यावर एकच प्रश्न: आपले काही हितसंबंध आहेत काय? चहा येईपर्यंत सगळ्यांनी "निरंक" लिहून सही केलेली असते. मी पाहिलेल्या निरंकांपैकी फार थोडे लबाडीचे असतील. सहा महिन्यांपूर्वीच्या परिषदेचं विमानाचं तिकीट हा हितसंबंध आहे असं डॉक्टरला वाटतच नाही. मुलगी बंगळुरात कंपनीच्या डेटा विभागात नोकरीला आहे, हे तर त्याच्या डोक्यातही येत नाही.

एका कमिटीत आम्ही तो एक प्रश्न मोडून बारीक बारीक प्रश्न केले. गेल्या तीन वर्षांत व्याख्यानाचं मानधन घेतलं का, कुणाकडून. प्रवास किंवा हॉटेल कुणी दिलं का. या औषधाच्या किंवा याच आजारावरच्या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत प्रमुख संशोधक होता का. पैसे तुमच्या नावावर आले की संस्थेच्या. शेअर आहेत का, तुमचे किंवा घरच्यांचे. जोडीदार, मुलं, भाऊ-बहीण यांपैकी कुणी कंपनीत आहे का. प्रतिस्पर्धी कंपनीसाठी हेच प्रश्न पुन्हा. पहिल्याच बैठकीत निरंकांची संख्या घटली, आणि कुणी चिडलं नाही. उलट एक सर्जन हसत म्हणाले, "असं विचारलंत तर सांगतो ना!"

सगळे संबंध सारखे नसतात, हे या फॉर्ममुळे नीट दिसतं. सरकारी कॉलेजच्या खात्यात आलेला चाचणीचा निधी एक गोष्ट, दर महिन्याला स्वतःच्या खात्यात येणारं "सल्लागार" मानधन दुसरी. पेटंट किंवा शेअर असेल तर माझ्या मते चर्चाच नको, त्या विषयापुरतं त्याने घरी बसावं. व्याख्यानाचं मानधन मी चाचणीच्या निधीपेक्षा वाईट मानतो, लोकांना हे उलटं वाटतं. चाचणीत डॉक्टर निदान कागदपत्रांना बांधलेला असतो, त्रास झालेला प्रत्येक रुग्ण त्याला नोंदवावा लागतो. व्याख्यानात तो कंपनीच्या स्लाइड दाखवतो, आणि महिन्यातून दोनदा एखादी गोष्ट मोठ्याने बोलणाऱ्या माणसाचा त्या गोष्टीवर हळूहळू विश्वास बसतो.

फॉर्म भरून झाल्यावर पुढे काय, हा खरा पेच. नुसतं "जाहीर केलं" म्हणून मोकळं होण्यात फायदा नाही. युरोपच्या औषध संस्थेत यासाठी एक सोय आहे. संबंध असलेल्या तज्ज्ञाला साक्षीदारासारखं बोलावतात: तो येतो, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतो आणि उठून जातो, चर्चेत आणि निर्णयात त्याचा भाग नसतो. ऊसतोड कामगाराची गोष्ट सांगणाऱ्या त्या कॅन्सरतज्ज्ञांच्या बाबतीत आम्ही हेच केलं. अर्धा तास त्यांना प्रश्न विचारले, लिहून घेतलं, मग ते बाहेर व्हरांड्यात गेले. त्यांच्या माघारी सदस्यांनी त्यांचं निम्मं म्हणणं मान्य केलं आणि निम्मं बाजूला ठेवलं. ते समोर बसले असते तर बाजूला ठेवणं जमलं नसतं, विशेषतः खोलीतले दोघे त्यांचे विद्यार्थी असताना. आपल्या २०१९ च्या नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या नियमांतही एथिक्स कमिटीसाठी हे लिहिलेलं आहे: किमान सात सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचाच, आणि ज्याचे हितसंबंध असतील त्याने त्या विषयातून लेखी माघार घ्यायची. कागदावर नियम उत्तम आहेत. पण विभागप्रमुखाला "सर, आपण जरा बाहेर थांबा" असं म्हणणारा सदस्य-सचिव लागतो, आणि तो बहुधा त्याच विभागप्रमुखाच्या हाताखाली नोकरीला असतो. जिल्ह्याच्या गावात ही अडचण पैशापेक्षा मोठी असते. मिरजेत सगळे डॉक्टर एकमेकांचे वर्गमित्र, व्याही किंवा भागीदार.

संस्थांचेही हितसंबंध असतात, त्याबद्दल आपण कमी बोलतो. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ ला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या परिणामकारकतेचे आकडे आलेले नव्हते. ती लस विकसित करण्यात आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था भागीदार होती, विक्रीवर तिला रॉयल्टी होती, आणि कोविडच्या सरकारी धोरणाला सल्लाही तीच देत होती. वर्षअखेरीस लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेले आकडे चांगले होते, ७७.८ टक्के. तरी मी लेट्रोझोलबद्दल जे म्हणालो तेच इथे म्हणेन. अमेरिकेत तर स्वतंत्र तज्ज्ञांना विचारूनही त्यांचं ऐकलं नाही. अल्झायमरच्या अॅड्युकॅनुमॅबवर नोव्हेंबर २०२० मध्ये ११ जणांच्या समितीत मुख्य प्रश्नावर एकानेही हो म्हटलं नाही, दहा नकार आणि एक अनिश्चित. जून २०२१ मध्ये एफडीएने मंजुरी दिलीच. समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले, आणि एफडीएचे अधिकारी कंपनीसोबत किती जवळून काम करत होते यावर पुढे संसदीय चौकशी झाली. पांढरे सदरे समितीत होते, पण निर्णय समितीच्या हातात नव्हता. आणि आपल्या राज्यात जे. जे. रुग्णालयाचं १९८६ चं ग्लिसरीन प्रकरण कुणी विसरू नये. भेसळीचं ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने अन्न व औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली. तिथे तज्ज्ञांचा तुटवडा हे कारण मुळीच नव्हतं.

आता तुमचा उपाय, म्हणजे संबंधवाल्यांना सरसकट बंदी, कुणी करून पाहिला का? अर्धामुर्धा पाहिला. वायॉक्सनंतर २००७ च्या कायद्याने अमेरिकेत संबंध असलेल्या तज्ज्ञांना समितीवर बसू देण्याच्या सवलतींवर मर्यादा घातली, ती दरवर्षी आणखी घट्ट व्हायची होती. समित्यांत जागा रिकाम्या राहू लागल्याची ओरड झाली आणि २०१२ मध्ये ती मर्यादा काढून टाकली. मला विचाराल तर जागा भरायला वेळ लागतो म्हणून नियमच काढणं घाईचं होतं. माहिती देणं आणि मत देणं वेगळं केलं असतं तर मर्यादा टिकली असती. युरोपात आणखी वेगळी तऱ्हा झाली. फार्मामार कंपनीचं रक्ताच्या कर्करोगाचं औषध नाकारलं, तर कंपनीच कोर्टात गेली: तज्ज्ञ ज्या विद्यापीठ रुग्णालयात नोकरी करतात तिथल्या केंद्राचे हितसंबंध आमच्या विरोधात आहेत! खालच्या कोर्टाने २०२० मध्ये ते मानलं, वरच्या कोर्टाने २०२३ मध्ये तो निकाल रद्द केला. हितसंबंधांचा आरोप हेही कंपन्यांच्या भात्यातलं हत्यार असतं. तुमच्या एमआरनेही तेच वापरलं, फक्त कोर्टात न जाता तुमच्या काउंटरवर.

आपल्याकडे काय कमी आहे असं मला वाटतं, ते थोडक्यात. डॉक्टरांना भेटवस्तू आणि सहली देण्यावर २००९ पासून वैद्यकीय परिषदेचे नियम आहेत. अॅपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा खर्च कंपनीला करातून वजा करता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये विपणनाची नवी संहिता आली. पण कुठल्या डॉक्टरला कुठल्या कंपनीने किती दिले, हे तुम्हाला-मला उघडून बघता येईल अशी जागा नाही. अमेरिकेत २०१३ पासूनच्या नोंदी कुणालाही बघता येतात, फ्रान्समध्येही अशी नोंदवही आहे. ती आपल्याकडे आली तर समितीच्या फॉर्मवर निरंक लिहिण्याआधी माणूस दोनदा विचार करेल, कारण कुणीतरी ताडून बघू शकेल. दुसरं, बैठकीच्या इतिवृत्तात नुसती शिफारस न देता कोण बाहेर गेलं, कुठल्या विषयाला गेलं, कुणाचा विरोध होता, हे छापावं. याला एक पैसा खर्च नाही.

तुम्हाला या सगळ्यात करण्यासारखं काय, तर एक आहे. समितीपुढे येणारी माहिती बहुतेक कंपनीने गोळा केलेली असते. औषध बाजारात आल्यावर खरं काय होतं ते विट्यासारख्या गावातल्या काउंटरवर आधी कळतं: "दादा, त्या गोळीने अंगावर चट्टे उठले, दुसरी द्या." तुम्ही दुसरी देता आणि ती माहिती तिथेच संपते. औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून भारतात चालू आहे, आता गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगातून. बहुतेक मोठ्या मेडिकल कॉलेजांत त्याचं केंद्र असतं, आणि केमिस्टलाही नोंद करता येते. फॉर्म एक पानाचा आहे. रुग्णाची आद्याक्षरं, वय, काय झालं, कधी सुरू झालं, कुठल्या औषधावर संशय आहे, आणि तुमचं नाव-पत्ता. एवढं असलं तरी चालतं. औषधामुळेच झालं हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं, नुसता संशय पुरतो. बॅच नंबर लिहिलात तर फार बरं, आणि तो तुमच्याकडे असतो, डॉक्टरकडे बहुधा नसतो. फॉर्म मिळाला नाही तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर फोन करा.